कच्चे मडके

२०२४ च्या श्रावणातला सोमवार. उपवासाची खिचडी नुकतीच पानात पडली होती आणि तेवढ्यात मला नोटीस आली. नोटीस म्हटले की आमच्या पिढीच्या माणसाला दारात उभा राहिलेला बेलिफ आठवतो. पण ही नोटीस मोबाइलवर आली होती, आणि खरे म्हणजे ती माझ्या नावाची नव्हतीच. ती आमच्या अण्णांच्या नावाची होती. अण्णा, म्हणजे माझे थोरले बंधू, २०२१ च्या मे महिन्यात गेले. त्यांची टपालपेटी तेव्हापासून मीच उघडतो.

‘आपल्या संकेतस्थळासाठी वापरात असलेले पीएचपी ५.६ येत्या ३० सप्टेंबरपासून बंद होत आहे. तत्पूर्वी आपले सॉफ्टवेअर अद्ययावत करून घ्यावे. अन्यथा संकेतस्थळ बंद पडण्याचा संभव आहे.’ असा मजकूर होता. मूळ इंग्रजी, मी त्याचे मराठी केले म्हणून त्याला थोडी तरी माणुसकी आली.

अण्णांचा सगळा जन्म तेरला मास्तरकीत गेला. पूर्वीचा उस्मानाबाद आणि आताचा धाराशिव, त्या जिल्ह्यातले तेरणेच्या काठचे हे गाव. गोरोबाकाकांची समाधी तिथे आहे, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. चैत्र वद्यात यात्रा भरते तेव्हा गावात पाय ठेवायला जागा नसते. पण हेच गाव जुने ‘तगर’. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे मोठे शहर म्हणून त्याचा उल्लेख आहे, आणि तिथले कापड गाड्यांतून भडोचच्या बंदरी जाई असेही त्यात आहे. तगर म्हणजेच तेर, ही गोष्ट फ्लीटसाहेबांनी १९०१ साली मांडली. १९३८ साली इटलीत पाँपेईच्या राखेतून जी हस्तिदंती बाहुली निघाली, तिची सख्खी बहीण शोभावी अशी एक बाहुली आमच्या तेरलाही सापडली आहे. १९५८ साली इथे चापेकरांनी रीतसर उत्खनन केले. लामतुरे ह्यांच्या नावाचे सरकारी वस्तुसंग्रहालय गावातच आहे. हे सगळे अण्णा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असत. २०१२ साली, निवृत्तीनंतर, ऐकणारे कमी पडू लागले तेव्हा त्यांनी संकेतस्थळ काढले.

कोणाची शिकवणी न लावता, पुस्तके वाचून, चुकतमाकत त्यांनी ते वर्डप्रेसवर उभे केले. चाळीस लेख, सहाशेवर छायाचित्रे. २०१६ साली त्यांनी ते शेवटचे नीट अद्ययावत केले, वर्डप्रेसच्या ४.५ आवृत्तीपर्यंत. मग डोळे अधू झाले, मग तब्येत. किरकोळ डागडुजी वर्डप्रेस २०१३ पासून आपल्या आपण करून घेते; परंतु मोठी आवृत्ती, थीम आणि प्लगिने ह्यांना अण्णांच्या स्थळावर मालकाचा हात लागत असे. तो आठ वर्षे लागला नव्हता.

आता माझे ज्ञान. मला टपाल पाठवता येते, विजेचे बिल भरता येते, आणि नातवाने शिकवल्यापासून पत्तेही खेळता येतात. एवढ्या शिदोरीवर मी त्याच रात्री अण्णांची दैनंदिनी काढली. दूधवाल्याच्या हिशेबाच्या पानावर कोपऱ्यात परवलीचा शब्द लिहिलेला होता. आत शिरलो. डाव्या बाजूला एक लाल टिकली, तिच्यात १४ हा आकडा. चौदा गोष्टी शिळ्या झाल्या आहेत, असा त्याचा अर्थ. ‘सर्व निवडा’ असे एक चौकोनी घर होते, त्यात खूण केली आणि ‘अपडेट’ म्हणून बटण दाबले. पडद्यावर काहीतरी फिरू लागले. पाच मिनिटे फिरत राहिले. मला वाटले अडकले, म्हणून मी लॅपटॉपचे झाकण मिटले, पुन्हा उघडले आणि संकेतस्थळ पाहायला गेलो.

तेर नाहीसे झाले होते. कोऱ्या पांढऱ्या पानावर इंग्रजीत एकच ओळ: दुरुस्तीकरिता थोडा वेळ बंद.

रात्रीचे अकरा वाजले होते, तरी मी बंगळूरला पुतणीला फोन लावला. ही अण्णांची धाकटी. संगणकाच्याच धंद्यात आहे.

“काका, कशाला हात लावलात?”

“सगळ्याला.”

“आधी प्रत घेतली होती?”

“कसली प्रत?”

पलीकडे काही क्षण नुसती शांतता. मग ती म्हणाली, “दहा मिनिटं कशालाही हात लावू नका. चहा करून प्या.”

मी चहा केला. दहा मिनिटांनी तेर जागच्या जागी होते. हा चमत्कार कसा, ते तिने नंतर समजावले. वर्डप्रेस काम काढते तेव्हा दारावर ‘काम चालू आहे’ अशी पाटी लावते. पाटी म्हणजे एक इवलीशी फाइल. काम संपले की पाटी आपली आपण उतरवते. मधेच झाकण मिटले तर पाटी तशीच राहते. पण दहा मिनिटांपेक्षा जुन्या पाटीकडे वर्डप्रेस लक्ष देत नाही. मी वाचलो तो त्या दहा मिनिटांच्या नियमामुळे, अकलेमुळे नव्हे. चौदापैकी फक्त दोन प्लगिने बदलली होती.

दुसऱ्या दिवशी रविवार असता तर बरे झाले असते. मंगळवारच होता, तरी तिने कामावरून आल्यावर तासभर माझा वर्ग घेतला. मी तिला म्हणालो, “एवढा खटाटोप कशाला? चालतंय ते चालू दे. त्या कंपनीला सांगू, जुनंच ठेवा.” त्यावर तिने मला २०१७ सालची हकीकत सांगितली. वर्डप्रेसच्या ४.७ आवृत्तीत एक भोक राहिले होते. बाहेरच्या कोणालाही आत येऊन लेख बदलता येत. २६ जानेवारीला दुरुस्ती निघाली. भोक नेमके कोठे होते हे मुद्दाम आठवडाभर गुप्त ठेवले, लोकांना दुरुस्ती करून घ्यायला सवड मिळावी म्हणून. मग ते जाहीर झाले, आणि ज्यांनी तोवर हालचाल केली नव्हती त्यांची पाने भराभर विद्रूप झाली. दुरुस्ती प्रसिद्ध होते तेव्हा चोरही ती वाचतो, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. जुने कुलूप ठेवणाऱ्या माणसाचे कुलूप कसे उघडायचे ह्याचा जणू छापील कागद गावभर वाटला जातो. (अण्णांची ४.५ त्या खेपेला वाचली, कारण ते भोक ४.७ मध्येच नव्याने पडले होते. जुनेपण कधी कधी उपयोगी पडते. पण त्याच्या भरवशावर कोणी राहू नये.)

मग तिने संकेतस्थळाची रचना समजावली. ती मला समजेना, तेव्हा मीच तेरच्या त्रिविक्रमाच्या देवळावर आलो. ज्यांनी ते पाहिले आहे त्यांना आठवेल, विटांचे, मागून हत्तीच्या पाठीसारखे गोल असलेले देऊळ आहे. मुळात तो बौद्धांचा चैत्य असावा असे जाणकार म्हणतात. पुढे तिथे विष्णू आला, समोर सपाट छपराचा मंडप जोडला गेला. आतला विटांचा गाभा मात्र तोच. संकेतस्थळाचेही तसेच. पीएचपी ही खालची जमीन, म्हणजे ज्या भाषेत सगळे चालते ती. वर्डप्रेस हा विटांचा गाभा. थीम म्हणजे बाहेरचा गिलावा आणि रंग. प्लगिने म्हणजे मागाहून घेतलेली वीज, नळ, पंखे. आणि लेखांचा मजकूर असतो डेटाबेसात. ते आपले कोठीघर. गिलावा बदलला तरी कोठीघरातल्या धान्याला काही होत नाही.

“अगदी बरोबर,” पुतणी म्हणाली. ते अगदी बरोबर नव्हते, हे आम्हां दोघांनाही दोन आठवड्यांनी कळले.

आधी प्रत. प्रत दोन ठिकाणची घ्यावी लागते आणि नवखा माणूस हटकून एकच घेतो. लेख डेटाबेसात असतात, पण छायाचित्रे, थीम, प्लगिने ही फाइलींच्या पेटाऱ्यात असतात. नुसता डेटाबेस घेतला तर सहाशे छायाचित्रे मागे राहतात. नुसत्या फाइली घेतल्या तर चाळीस लेख. दोन्ही उतरवून मी एक संच लॅपटॉपवर ठेवला आणि एक पेनड्राइव्हवर, देवघराच्या खणात. ज्या सर्व्हरवर स्थळ आहे तिथेच प्रत ठेवणे म्हणजे घराची जादा किल्ली घरातच ठेवून बाहेर पडण्यासारखे.

आणि प्रत उघडून पाहिल्याखेरीज ती प्रत नव्हे. म्हणून तिने मला त्याच प्रतीवरून मागच्या दारी दुसरे तेर उभे करायला लावले. होस्टिंगच्या खात्यात मुख्य पत्त्याला जोडून एक उपपत्ता काढता येतो. त्यावर परवलीचा शब्द लावून ठेवला, म्हणजे परका कोणी येणार नाही. शिवाय तिथे पीएचपीची आवृत्ती निराळी निवडता येत होती. पुढच्या दारी जुने चालू राहिले, मागच्या दारी आमची तोडफोड.

दुसरे तेर उघडले आणि माझ्या पोटात गोळा आला. लेख होते, परिच्छेद होते, स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी होते. फक्त अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे. पानेच्या पाने प्रश्नचिन्हांची. इंग्रजी स्थळांच्या लोकांना ही व्याधी फारशी ठाऊक नसते. मराठीत ती नेहमीची. जुन्या डेटाबेसाचे कोष्टक पुष्कळदा रोमन लिपीपुरते आखलेले असते. आपले एकेक देवनागरी अक्षर यूटीएफ-८ ह्या पद्धतीत तीन तीन घरे अडवते, आणि उतरवताना वा चढवताना लिपी चुकीची सांगितली की सगळा घोटाळा होतो. पुतणीने एक खूण सांगितली ती मी पाठ करून ठेवली आहे. टोप्या घातलेली चमत्कारिक रोमन अक्षरे दिसली तर मजकूर बहुधा शाबूत असतो, फक्त वाचला चुकीचा जात असतो. पण साठवणीतच प्रश्नचिन्हे पडली तर मूळ अक्षर तिथून कायमचे गेले. ते मागच्या प्रतीतूनच आणावे लागते. आमच्या दारी दुसरा प्रकार होता. परंतु तो मागच्या दारी होता. आम्ही ते पुसले, लिपी नीट सांगून पुन्हा उतरवले, पुन्हा चढवले, आणि ‘गोरोबाकाका’ हा शब्द जसाच्या तसा उमटला तेव्हा सौ.नी देवापुढे साखर ठेवली.

पुढचे काम जिना चढण्याचे. मला वाटले होते की ४.५ वरून थेट नव्या आवृत्तीवर उडी मारायची. तसे होत नाही. तेव्हाची नवी आवृत्ती होती ६.६, आणि तिला पीएचपी किमान ७.२ लागते. उलट आमची ४.५ पीएचपी ८ वर उभीच राहिली नसती. म्हणून आधी जुन्या पीएचपीवरच चालेल तेवढे चढलो. ६.२ ही ५.६ वर चालणारी शेवटची मोठी आवृत्ती. मग एकेक प्लगिन, एका वेळी एकच, प्रत्येकानंतर स्थळ उघडून पाहायचे. म्हणजे काही मोडले तर कोणी मोडले ते कळते. चौदा एकदम दाबणाऱ्याला ते कधीच कळत नाही. मग पीएचपी ७.४; जुन्या लिखाणाला ते जरा सांभाळून घेते. मग ६.६. आणि शेवटी पीएचपी ८.१. प्रत्येक पायरीवर एक नवी प्रत.

ह्या पायऱ्या चढताना एक प्लगिन मेले. छायाचित्रांची चौकट दाखवणारे होते. त्याच्या कर्त्याने २०१४ नंतर त्याकडे पाहिलेच नव्हते. ते बंद करताच चाळीसही लेखांत छायाचित्रांच्या जागी चौकोनी कंसातले एकेक कोड्यासारखे वाक्य उरले. छायाचित्रे पेटाऱ्यात सुरक्षित होती, पण ती वर्डप्रेसच्याच चौकटीत नव्याने बसवणे हे हाताने करायचे काम. बारा संध्याकाळी लागल्या. सौ. पुढच्या दाराचे तेर मोबाइलवर उघडून क्रम सांगायच्या: “उत्तरेश्वराची लाकडी चौकट. मग तिचं जवळून घेतलेलं. मग अण्णाभाऊजी छत्री घेऊन.” मी बसवायचो. लग्नाला त्रेचाळीस वर्षे झाली. इतके एकमताने आम्ही ह्यापूर्वी काही केल्याचे आठवत नाही.

आणि मग थीम. ती सगळ्यांत सोपी वाटली म्हणून मागे ठेवली होती. एक बटण दाबले, अर्ध्या मिनिटात गिलावा नवा झाला. मागच्या दारचे तेर सुरेख दिसू लागले, मोबाइलवरही अक्षरे ठसठशीत. मी खूश होऊन एकेक पान चाळू लागलो आणि ‘कुंभारवाड्यातले शब्द’ ह्या पानाशी थांबलो. शीर्षक होते. खाली काहीच नव्हते.

हे पान अण्णांचे शेवटचे मोठे काम. घराघरातली मातीची भांडी गेली तशी त्यांची नावेही चालली, म्हणून दोन वर्षे म्हाताऱ्या माणसांकडे बसून त्यांनी दीडशेच्या वर शब्द उतरवून घेतले होते. डेरा, रांजण, केळी, परळ, बोळके, सुगड. आवा कसा रचतात, थापटणे कसे धरतात. कोणते भांडे कोणत्या सणाला लागते. कागदावरची वही त्यांच्या आजारपणात कुठे गेली ते कोणाला सांगता येत नाही. शब्द होते ते ह्या पानावर.

मी कोठीघरात जाऊन ते पान उघडले. तिथेही कोरे. पुढच्या दारी दिसत होते, आणि त्याचे कोठीघरातले पान उघडले तर तेही कोरे! धान्य नाही आणि भाकरी मात्र ताटात, असा प्रकार. पुतणीला विचारले. ती बराच वेळ शोधत राहिली, आणि मग हळूच म्हणाली, “बाबांनी थीममध्ये लिहिलंय, काका.”

झाले होते असे. अण्णांना त्या शब्दांचे दोन स्तंभांचे कोष्टक हवे होते आणि ते नेहमीच्या पानात त्यांना जमेना. तेव्हा त्यांनी थीमच्या पेटाऱ्यात एक नवी फाइल घातली आणि सगळे शब्द तिच्यातच टंकले. गिलाव्यावर लिहिले म्हणा ना. आणि थीम अद्ययावत होते तेव्हा वर्डप्रेस जुना पेटारा पुसून त्या जागी नवा ठेवते. मालकाने आत काय चिकटवले होते ते विचारीत नाही. त्या श्रावणी सोमवारी मी चौदाही खुणा करून बटण दाबले होते. चौदांत थीमही होती. झाकण मिटले नसते तर!

देवघराच्या खणातला पेनड्राइव्ह काढला. फाइल होती. अण्णांनी वरती स्वतःसाठी एक टीप लिहून ठेवली होती: ‘हे तात्पुरते. नंतर नीट करणे.’ मी ती टीप सोडून बाकीचे शब्द पानात, म्हणजे कोठीघरात, हलवले. टीप ठेवली आहे, ती निराळी. रंगाचे दोन-तीन बारीक फेरफार अण्णांनी थीमच्या फाइलींतच केले होते, ते पुतणीने चाइल्ड थीम काढून तिच्यात घातले. मूळ थीम कितीही वेळा बदलली तरी ही पोटथीम शाबूत राहते. ज्यांच्या घरी असे जुने स्थळ आहे त्यांनी थीमला हात लावण्यापूर्वी एवढे जरूर करावे: प्रत्येक पान आतून उघडून पाहावे, आणि बाहेर दिसते ते आत आहे ना, ह्याची खात्री करून घ्यावी. थीम आणि प्लगिने घ्यावीत ती अधिकृत ठिकाणची. विकतची थीम फुकट वाटणारे लोक फार प्रेमळ असतात, आणि त्या प्रेमात बहुधा चोरदरवाजा असतो.

संतमेळ्याची गोष्ट तुम्हांला माहीत आहे. मुक्ताबाईने थापटण्याकडे बोट दाखवून विचारले, हे कशाला? गोरोबाकाका म्हणाले, मडके कच्चे की पक्के ते कळायला. आणि त्यांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारून पाहिले. नामदेव तेवढे कुरकुरले आणि कच्चे ठरले. पितृपंधरवड्यात मीही तसाच बसलो. चाळीस लेख, प्रत्येकातली प्रत्येक जोडणी, शोधाची चौकट, संपर्काचा कागद, मोबाइलवर एकदा, लॅपटॉपवर एकदा, ठोकून पाहिले. तीन ठिकाणी कुरकुर निघाली. संपर्काच्या कागदावरून पाठवलेला निरोप अजून अण्णांच्याच टपालपेटीत जात होता. तो पत्ता मात्र मी बदलला नाही. कच्चे मडके कोण होते, ते सांगायला नकोच.

२५ सप्टेंबरला रात्री, वर्दळ नसते अशा वेळी, पुढच्या दारची ताजी प्रत घेऊन मागचे तेर पुढे आणले. वीस मिनिटे लागली. ह्या खेपेस झाकण मिटले नाही.

दुसऱ्या दिवशी तेरला वहिनींना फोन केला. त्यांनी शेजारच्या मुलाकडून मोबाइलवर पान उघडून घेतले आणि शब्द मोठ्याने वाचायला लावले. मी इकडून ऐकत होतो. ‘वेळणी’ आली तशी त्यांनी त्याला थांबवले.

“भाऊजी, हे तुम्ही लिहिलं की त्यांनी?”

“अण्णांनीच. मी फक्त हलवलं.”

“मग चुकलंय. आपल्याकडं कुणी वेळणी म्हणत नाही. येळणी म्हणतात. मी त्यांना तेव्हाही सांगितलं होतं.”

मी आत शिरलो, ते पान उघडले, एक अक्षर बदलले आणि जतन केले. अर्ध्या मिनिटात तेरला दिसले.

“हं,” वहिनी म्हणाल्या, “आता पुढचं वाच रे.”